पडदा कशावर?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बकरी ईद आठवड्यावर आली होती. बदलापूरच्या एका मुलाच्या जामीन अर्जाची त्या दिवशी तारीख होती. मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात सापडला होता आणि कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात होता. सरकार पक्षाचे म्हणणे आधीच दाखल झाले होते, राहिला होता तो फक्त युक्तिवाद. पुकारा झाला तेव्हा मुलाचे वकील हजर नव्हते. पुढची तारीख पडली ती ईदनंतरची.

संध्याकाळी मुलाची आई लोकलने अंबरनाथला आली. वकीलसाहेबांच्या घराचे दार बंद होते. आम्ही खाली उभे होतो. तिने विचारले, "साहेब कुठं आहेत?" आम्ही सांगितले, "खाला, साहेबांची तब्येत एकाएकी बिघडली. मोठ्या डॉक्टरांकडे नेलंय." ती क्षणभर थांबली. मग दोन्ही हात उचलून तिने साहेबांना शिफा मिळावी म्हणून दुआ मागितली आणि स्टेशनकडे चालू लागली.

साहेब वरच होते. शुद्धीवर नव्हते, एवढेच.

येथे 'आम्ही' हा शब्द लेखकाच्या ऐटीचा नाही. आम्ही खरोखरच चौघे-पाच जण होतो. एकाच मोहल्ल्यातले, एकाच शाळेत शिकलेले. वकीलसाहेब आमच्यातलेच. आमच्या गल्लीतून काळा कोट घालणारा पहिला माणूस. ते व्यसनात बुडत आहेत हे आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होते. आम्ही कोणाला सांगितले नाही, त्यांनाही धड काही म्हटले नाही. आमची समजूत अशी होती की आम्ही त्यांच्या ऐबावर पडदा टाकत आहोत, आणि ऐब झाकणे हे पुण्याचे काम आहे. त्या दिवशी खाला निघून गेली तेव्हा पहिल्यांदा मनात आले, आपण पडदा टाकला तो नक्की कशावर?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही, म्हणून तो येथे मांडत आहोत.

ऐबपोशीची शिकवण आपल्याकडे लहानपणापासून मिळते. जो आपल्या भावाचा दोष झाकील त्याचे दोष कयामतच्या दिवशी अल्लाह झाकील, अशा आशयाची हदीस प्रत्येक मदरशात सांगितली जाते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नका, पाठीमागे निंदा करू नका, हेही कुरआनने बजावले आहे. या शिकवणीत फार मोठी माणुसकी आहे. एखाद्याची चूक चव्हाट्यावर आणली की त्याला परतीची वाट उरत नाही. इज्जत गेलेला माणूस मग कशालाच भीत नाही.

पण त्याच कुरआनात, सूरह निसामध्ये, न्यायासाठी ठाम उभे राहण्याची आज्ञा आहे. ती साक्ष आपल्या स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध जात असली तरीही. शिवाय अमानतीचा हुकूम आहे. ज्याची ठेव त्याला परत करा. वकिलाच्या हातात अशील काय ठेवतो? पैसा, जमिनीचे कागद, चेक, आणि कधी कधी आपल्या मुलाचे स्वातंत्र्य. याहून मोठी अमानत कोणती? तेव्हा एका बाजूला ऐबपोशी आणि दुसऱ्या बाजूला अमानत, अशी ही दोन कर्तव्यांची टक्कर आहे. आम्ही त्यातले सोपे कर्तव्य निवडले आणि त्याला धर्माचे नाव दिले, हे आज कबूल केले पाहिजे.

हे व्यसन लागते कसे, ते थोडे सांगायला हवे. वाईट संगत, एवढे एकच उत्तर त्याला पुरत नाही.

उल्हासनगर हे फाळणीतून जन्मलेले शहर. सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असेच सांगतात. व्यापाराचे गाव म्हणून चेक न वटल्याचे खटले आहेतच. बांधकामांचे वाद तर इतके की अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. शेजारी अंबरनाथचे कारखाने आणि पुढे वाढत चाललेले बदलापूर. या पट्ट्यातला छोटा वकील सकाळी उल्हासनगरच्या कोर्टात, दुपारी कल्याणला, कधी ठाण्याला, आणि रात्री पोलीस ठाण्यात असा धावत असतो. त्याला पगार नाही, आजारपणाची रजा नाही. फी तारखेगणिक मिळते, कधी मिळतही नाही. खटला जिंकला तर अशील म्हणतो माझी बाजूच खरी होती, हरला तर म्हणतो वकील विकला गेला. दिवसभर दुसऱ्यांची भांडणे अंगावर घ्यायची आणि चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचे नाही, कारण चेहरा पडला तर अशील उद्या दुसऱ्याकडे जाईल.

असे सगळीकडेच होते. अमेरिकेत २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील वकिलांची राष्ट्रीय संघटना आणि व्यसनमुक्तीचे काम करणारी एक संस्था यांनी मिळून १२,८२५ वकिलांकडून माहिती घेतली होती. त्यांपैकी जवळजवळ २१ टक्के, म्हणजे पाचात एक वकील, धोकादायक पद्धतीने दारू पीत होते. वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांत असणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त होते. उपचार का घेतले नाहीत, याची दोन मुख्य कारणे त्यांनी सांगितली. कोणाला कळू नये ही पहिली इच्छा, आणि गुप्तता राहणार नाही ही दुसरी भीती. खर्च किंवा वेळ यांचा क्रम त्यानंतरचा. हजारो मैलांवरच्या त्या परक्या वकिलांनी दिलेले उत्तर आमच्या अंबरनाथच्या गल्लीतलेच होते.

आपल्या समाजात या भीतीला आणखी एक पदर आहे. दारू हराम आहे, म्हणून 'आमच्यात कोणी पीत नाही' असे आपण मानून चालतो. मनाई आहे म्हणजे रोगही नाही, असा हा हिशेब. त्यामुळे पिणाऱ्याला दोन गोष्टी लपवाव्या लागतात, एक व्यसन आणि दुसरे आपले मुसलमान असणे. वकीलसाहेबांची सुरुवात दारूने झालीच नाही. दारूला वास येतो, मशिदीत शेजारी उभा राहणारा ओळखतो. त्यांची सुरुवात झाली खोकल्याच्या औषधाने. कोडीन असलेले ते औषध; बाटलीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असे लिहिलेले असते, पण मिळते. मग झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या. "ही दारू थोडीच आहे, दवा आहे," असे ते स्वतःला सांगत आणि आम्हीही मान डोलावत असू. वास्तविक आपल्या फिकहमध्ये याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. जे जे अकलेवर पडदा टाकते ते सारे 'खम्र', मग ते द्राक्षाचे असो की आणखी कशाचे. इमाम गझाली यांनी शरीयतची जी पाच उद्दिष्टे सांगितली त्यांत दीन, प्राण, वंश आणि मालमत्ता यांच्याबरोबर अकलेचे रक्षण आहे. वकिलाचे तर सारे भांडवलच अक्कल. पुढे गोळ्या पुरेनात तेव्हा दारू आलीच.

आता येथे नेहमीचा प्रश्न येतो. हे पाप आहे की आजार? मशिदीत विचारले तर पाप म्हणतात, दवाखान्यात विचारले तर आजार म्हणतात, आणि घरातली माणसे या दोघांमध्ये पिसली जातात. आम्हाला वाटते, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. व्यसनी माणसाची खाती तीन आहेत. एक खाते त्याचे आणि त्याच्या रबचे, तेथे तौबा चालते. दुसरे खाते शरीराचे आणि मेंदूचे, तेथे डॉक्टर चालतो. तिसरे खाते ज्यांचे नुकसान झाले त्या माणसांचे, आणि ते फक्त त्या माणसांशीच मिटवता येते. आपण एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात भरायला जातो आणि फसतो.

दुसऱ्या खात्याचे उदाहरण सांगतो. एका रमजानच्या पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी सगळे बंद केले. आम्ही फार खूश झालो. पहिल्या रोज्याला हात थरथरले, घाम सुटला. आम्ही म्हटले, नफ्सशी लढाई आहे. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर माणसे दिसू लागली. ते कोर्टातल्यासारखे उभे राहून कोणाशी तरी बोलू लागले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, वरचा असर आहे, मलंगगडावर नेऊ या. शेवटी भाभींनी हट्ट धरला म्हणून रिक्षा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, बरे झाले आणलेत, हा मरू शकला असता.

ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. ज्याचे शरीर दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे विसंबून आहे त्याने ती एकाएकी सोडली तर मेंदूचा तोल जातो. पहिल्या दिवशी थरथर, पहिल्या दोन दिवसांत फेफरे येण्याची भीती आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम. यात माणूस दगावू शकतो. म्हणून दारू सुटण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात आणि झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या असतात. इरादा चांगला असला तरी शरीराचा कायदा बदलत नाही. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती सवलत घेऊन आधी उपचार करणे हा ईमानचा कमकुवतपणा नाही.

मलंगगडाविषयी आम्हाला आदर आहे. हाजी मलंगबाबांच्या दर्ग्याच्या पायऱ्या हिंदू आणि मुसलमान दोघेही चढतात, आणि दुखऱ्या मनाला तेथे आधार मिळतो हे आम्ही नाकारत नाही. पण नुसता आधार म्हणजे इलाज नव्हे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाला आणलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले जाई. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली तेव्हा २८ जण साखळदंडातच जळून गेले. याच्या उलट गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. आलेल्या माणसाला दुआ मिळतेच, पण मानसोपचाराचे डॉक्टरही तेथेच भेटतात. मुजावरांनीच माणसांना डॉक्टरांकडे पाठवावे, अशी ती व्यवस्था. यात दर्ग्याची शान कमी झाली असे कोणी म्हणत नाही.

आणि पापाचे म्हणाल तर त्या खात्यातही आपण धर्मापेक्षा जास्त कठोर झालो आहोत. सहीह बुखारीत एका सहाबींची हकीकत आहे. ते विनोदी स्वभावाचे होते, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना हसवीत असत. पण त्यांना दारू सुटत नव्हती. त्यांना शिक्षा झाली. पुन्हा प्याले, पुन्हा आणले गेले, पुन्हा शिक्षा झाली. तेव्हा गर्दीतल्या एकाने त्यांना शिव्याशाप दिले. पैगंबरांनी त्याला थांबवले आणि सांगितले की याला शाप देऊ नका, याचे अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे. अशाच दुसऱ्या एका प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशा आशयाचे उद्गार आहेत. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शिक्षा टळली नाही, म्हणजे जबाबदारी माफ झाली नाही. माणूस पुन्हा पुन्हा घसरत होता, म्हणजे व्यसनाचे हे रूप त्या काळालाही ठाऊक होते. आणि तरीही त्याला समाजाबाहेर काढले नाही, त्याच्या प्रेमावर शंका घेतली नाही. आज आपल्या मोहल्ल्यात असा माणूस निघाला तर आपण काय करतो? एक तर तोंड फिरवतो, नाही तर आम्ही केले तसे तोंड शिवून घेतो. दोन्हींत तो एकटाच उरतो.

तिसऱ्या खात्याबद्दल आपले उलेमा स्पष्ट आहेत. हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क, तौबाने माफ होऊ शकतात. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ज्याचे बुडवले त्याने माफ केल्याशिवाय किंवा भरपाई केल्याशिवाय सुटत नाहीत. त्या मुलाची ईद तुरुंगात गेली. साहेब कितीही तौबा करोत, ते दिवस त्या मुलाच्या आणि खालाच्या नावावर जमा आहेत. आणि आमचे खोटेही.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? अशिलाच्या नुकसानीचा विचार न्यायालयाने केलेला आहे. 'रफिक विरुद्ध मुन्शीलाल' या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकील गैरहजर राहिला याची शिक्षा बिचाऱ्या पक्षकाराला का? रफिक यांचे अपील वकिलाच्या गैरहजेरीमुळे उच्च न्यायालयात फेटाळले गेले होते. ते पुन्हा जिवंत झाले आणि खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करावा, असा आदेश झाला. पण प्रत्येक रफिक दिल्लीपर्यंत पोहोचू शकत नाही. आधारवाडीतल्या मुलाचे दिवस तर कोणतेच न्यायालय परत देऊ शकत नाही.

वकिलाचे काय? अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ मध्ये गैरवर्तनाची चौकशी आहे. तक्रार फेटाळा, समज द्या, काही काळ सनद निलंबित करा किंवा यादीतून नाव काढून टाका, एवढे चार मार्ग तेथे आहेत. आजारी वकिलाला उपचाराला पाठवण्याचा पाचवा मार्ग तेथे नाही. म्हणजे ज्याला आपल्या सहकाऱ्याची काळजी आहे त्याच्यासमोर दोनच दारे. तक्रार करून त्याची रोजीरोटी घालवा, नाही तर गप्प बसा. भला माणूस यातले दुसरे दार निवडतो.

गंमत अशी की हाच वकील आपल्या अशिलासाठी तिसरे दार ठोठावू शकतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. या कलमाकडे नीट पाहिले तर लक्षात येते की ही ऐबपोशीच आहे, पण अटीसह. कायदा म्हणतो, तुझ्यावर पडदा टाकतो, पण तू बरा होण्याच्या वाटेवर चालत असशील तोपर्यंत.

हेच तत्त्व इतर देशांतील वकिलांनी आपल्या व्यवसायाला लावले. अमेरिकेत प्रत्येक राज्यात वकिलांसाठी साहाय्य कार्यक्रम आहेत. तेथे सहकाऱ्याच्या गंभीर गैरवर्तनाची माहिती देणे वकिलावर एरवी बंधनकारक असते, पण अशा मान्यताप्राप्त कार्यक्रमात कळलेली गोष्ट त्यातून वगळलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९७ पासून 'लॉकेअर' ही संस्था वकिलांना गुप्तपणे आधार देते. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकारांना आजार मानले आहे आणि रुग्णाची गुप्तता हा त्याचा हक्क ठरवला आहे. पाया तयार आहे, त्यावर बार असोसिएशनने दोन खोल्या बांधायच्या आहेत, इतकेच.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा इतिहास येथे आठवतो. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी ही चळवळ सुरू झाली. दोन संस्थापकांपैकी एक शेअर बाजारातला, त्याने कायद्याचे शिक्षण घेतले होते पण दारूपायी पदवीचा कागद आणायला जाऊ शकला नव्हता. दुसरा शल्यविशारद. या दोघांनी शोधून काढलेला तिसरा सदस्य मात्र चक्क वकील होता. रुग्णालयात परिचारिकांवर धावून गेल्यामुळे त्याला खाटेला बांधून ठेवले होते. दोघे त्याच्या उशाशी बसले आणि त्यांनी त्याला उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. तो रुग्णालयातून बाहेर पडला आणि आठवड्याभरात शुद्धीवर राहून कोर्टात उभा राहिला. या चळवळीत नाव उघड करायचे नाही, हा नियम आहे. पण त्या खोलीत आपले व्यसन लपवायचेही नाही. नाव झाकलेले आणि व्यसन उघडे, असा तो पडदा आहे. आमचा पडदा नेमका उलटा होता.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. आपल्या भावाला मदत करा, तो जुलूम सोसणारा असो की जुलूम करणारा, अशा आशयाची हदीस आहे. सहाबींनी विचारले, जालिमाला मदत कशी करायची? उत्तर मिळाले, त्याचा हात धरून. म्हणजे ऐब झाकायचाच आहे, पण हात धरून ठेवून. हात सोडून दिला आणि नुसता पडदा टाकला तर आपण त्या माणसाला नव्हे, त्याच्या जुलमाला झाकतो.

कोणी म्हणेल, वकिलांसाठी वेगळी सोय कशाला? नाक्यावरच्या मजुराला कोण विचारते? प्रश्न रास्त आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. ती गरिबांचीच वस्ती होती. वकिलाचा जीव मजुराच्या जिवापेक्षा मोलाचा आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्या लोकलने आपण बदलापूरहून कल्याणला जातो तिच्या मोटरमनच्या श्वासाची तपासणी कामावर येताना होते. त्याचा जीव जास्त मोलाचा म्हणून नव्हे. त्याच्या मागे हजारो माणसे बसलेली असतात म्हणून. वकिलाच्या मागेही माणसे बसलेली असतात, आणि बहुतेक वेळा ती मजुरांचीच असतात.

मग करायचे काय? आम्ही जे शिकलो, तेही ठेच लागल्यावर, ते सांगतो.

पहिली गोष्ट, एकट्याने बोलू नये आणि घोळक्यानेही बोलू नये. ज्यांच्यावर त्याचा विश्वास आहे अशा दोघा-तिघांनी, तो शुद्धीवर असताना, ठरवून बोलावे. दुसरी, अशिलांचे काम आधी सांभाळावे. विश्वासू सहकाऱ्याचे नाव वकीलपत्रावर घेता येते, आणि अशिलाला वेळेवर सूचना देऊन पर्याय करून देता येतो. पुरेसे कारण आणि सूचना याशिवाय काम सोडू नये, हा तर बार कौन्सिलचाच नियम आहे. तिसरी, मुदत ठरवावी. उपचाराला गेलास तर आम्ही तुझ्या पाठीशी आहोत आणि कोणाला कळणार नाही. गेला नाहीस तर तुझ्या अशिलांना आम्ही खोटे सांगणार नाही. याला कोणी धमकी म्हणेल. आम्ही याला हात धरणे म्हणतो.

सोयीही आहेत. १९८६ साली पुण्यात सुरू झालेले 'मुक्तांगण' आपणा सर्वांना माहीत आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. तेथील मुक्काम ३५ दिवसांचा असतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतःही या व्यसनातून गेलेले. एक ख्रिस्ती धर्मगुरू आपले व्यसन उघड सांगतो आणि त्यातून संस्था उभी राहते, यावर आपणही विचार करायला हरकत नाही. ज्याला आज फोनच करायचा आहे त्याच्यासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. आणि ३५ दिवस कोठून आणायचे, असे वकील विचारतो तेव्हा उन्हाळ्यात कोर्टाला साधारण महिनाभर सुटी असते, याची आठवण करून द्यावी.

आमचे वकीलसाहेब अशाच एका मे महिन्यात गेले. लोकांना वाटले गावी गेले, आणि आम्ही ते खोडून काढले नाही. एवढा पडदा आम्हाला गैर वाटत नाही. सात महिन्यांनी ते पुन्हा घसरले. घरात रडारड झाली, काही जण म्हणाले पैसे वाया गेले. पण घसरणे हा या आजाराचाच भाग असतो. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कोणी औषधाला शिव्या देत नाही. ते पुन्हा गेले. आता ते कोर्टात जातात, कामे कमी घेतात, आणि आठवड्यातून एकदा अशा एका खोलीत जाऊन बसतात जेथे त्यांचे नाव कोणी विचारत नाही.

मध्यंतरी त्यांनी स्वतःच सांगितले की ते बदलापूरला खालाकडे जाऊन आले. त्या दिवशी आपण कोठे होतो हे त्यांनी तिला सरळ सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने चहा ठेवला. माफ केले की नाही हे तिने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. निघताना तिने एवढेच विचारले, "मग त्या पोरांनी मला डॉक्टरकडे नेलंय असं का सांगितलं?"

वकीलसाहेबांपाशी याचे उत्तर नव्हते. ते उत्तर आमचे आहे. इतकी पाने लिहून झाली तरी खालाच्या दारात जाऊन ते देणे अजून राहिलेच आहे.